कौलं उतरण्याआधी घर मोजून घ्या

प्रश्न : वडिलांनी १९७८ साली वेळणेश्वरजवळच्या आमच्या गावी चिऱ्याचं घर बांधलं. २०१४ मध्ये ते गेले, आई त्याआधीच. आम्ही तीन भावंडं. थोरला मस्कतला नोकरीला, धाकटा चिपळूणला आणि मी निवृत्त शिक्षिका. १२ जानेवारी २०२६ रोजी घर आणि घराखालची जागा आम्ही ६६ लाखांना विकली. मागचं नारळ-सुपारीचं आगर त्याच गृहस्थांना वेगळ्या दस्ताने १५ लाखांना दिलं. धाकटा म्हणतो, गावातल्या मालमत्तेला टॅक्स नसतो. मला मात्र झोप लागत नाही. माझ्या वाट्यातून चिपळूणला फ्लॅट घ्यावा असं मनात आहे. घेणारे मे महिन्यात जुनं घर उतरवणार आहेत. मी काय करू?
– एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं आणि बाकी सगळं बाजूला ठेवलं. घर मे महिन्यात उतरवणार असतील तर या आठवड्यातच नोंदणीकृत मूल्यांकनकाराला घेऊन गावी जा. घेणाऱ्यांना विनंती करा. दोन तासांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही.

कारण असं. कर लागतो तो नफ्यावर, म्हणजे विक्रीच्या रकमेतून खरेदी किंमत वजा करून जे उरेल त्यावर. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत तुमची ‘खरेदी किंमत’ म्हणून धरता येते. घर वारशाने आलं म्हणून काही बिघडत नाही, वडिलांचा काळ तुमच्या खात्यात मोजला जातो. जुनी किंमत महागाईनुसार वाढवून धरण्यासाठी सरकार दरवर्षी जो आकडा देतं, तो महागाई निर्देशांकही २०१४ पासून नव्हे, २००१ पासून लावायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलं आहे. पण ती किंमत ठरवायला घर उभं हवं. मूल्यांकनकार ओटी, पडवी, माजघर मोजतो, चिऱ्याच्या भिंतीची जाडी बघतो, वासे सागाचे की फणसाचे ते हात लावून पाहतो, विहीर आणि गडगासुद्धा लिहून घेतो. माझ्या मामाचं हर्णैचं घर असंच विकलं गेलं आणि महिन्याभरात जमीनदोस्त झालं. आम्ही जागे झालो तेव्हा हातात एका लग्नातला ओटीवरचा फोटो आणि घरपट्टीच्या दोन पावत्या, एवढंच होतं. मूल्यांकन अगदीच कमी आलं आणि मामीने नाहक जास्त कर भरला. ते मला आजही लागतं.

या किंमतीने किती फरक पडतो ते बघा. तुमचा वाटा २२ लाख. समजा घर-जागेची २००१ ची किंमत ९ लाख निघाली, म्हणजे तुमच्या वाट्याची ३ लाख. २००१ चा निर्देशांक १०० धरला आहे आणि २०२५-२६ चा ३७६ आहे, तेव्हा ३ लाखांचे झाले ११ लाख २८ हजार. नफा १० लाख ७२ हजार, त्यावर २० टक्क्यांनी २,१४,४०० रुपये. निर्देशांक न लावता नफा १९ लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी २,३७,५०० रुपये. २३ जुलै २०२४ आधीपासूनची मालमत्ता असल्याने यातला कमी आकडा तुम्ही घेऊ शकता. हीच किंमत ६ लाख निघाली तर मात्र साडेबारा टक्क्यांचा हिशोब स्वस्त पडतो, २,५०,००० रुपये. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा. एक बंधन आहे : त्या दिवशीचं सरकारी मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी धरतात ते) उपलब्ध असेल तर त्याहून जास्त किंमत धरता येत नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात २००१ चा दर विचारा आणि ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा (घरपट्टीच्या नोंदीचा) काढा.

धाकट्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पालिकेपासून दूरची गावातली शेतजमीन विकली तर नफ्यावर कर नाही, तेव्हा आगराचे १५ लाख सुटले. सातबाऱ्यावर नारळ-सुपारीची नोंद आहे ना, तेवढी बघा. घर मात्र गावात असलं तरी घरच. वेगळा दस्त केलात हे फार बरं झालं. एकाच दस्तात सगळं घातलेली खरेदीखतं सोडवताना मी अक्षरशः आठवडे घालवले आहेत.

आता फ्लॅट. राहतं घर विकून राहतं घर घेतलं तर आयकर कायद्याच्या कलम ५४ ची सवलत मिळते, म्हणजे नव्या घरात घातलेल्या नफ्यावर कर लागत नाही. विक्रीपासून दोन वर्षांत, म्हणजे १२ जानेवारी २०२८ च्या आत, तयार फ्लॅट घ्या. सगळे २२ लाख घालायची गरज नाही, नफ्याइतकी रक्कम गेली की पुरे. तो फ्लॅट पुढची तीन वर्षं विकायचा नाही. ३१ जुलै २०२६ ही रिटर्नची तारीख. तोवर फ्लॅट ठरला नाही तर पैसे साध्या बचत खात्यात ठेवू नका, बँकेत ‘कॅपिटल गेन्स’ खातं उघडा, घर घेईपर्यंत असा नफा ठेवण्यासाठीच ते असतं. हे खातं ग्रामीण शाखेत उघडत नाहीत, चिपळूणला किंवा रत्नागिरीलाच जावं लागेल. फ्लॅटचा बेतच रद्द झाला तर सरकारी कंपन्यांचे कर-बचत रोखे आहेत, पण त्यांची मुदत सहा महिन्यांची, १२ जुलैला संपते. पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याजावर कर लागतो. तुमच्या वयाला मला फ्लॅटच बरा वाटतो.

घेणाऱ्यांनी तुमच्या रकमेतून १ टक्का, म्हणजे २२ हजार, आगाऊ कर (टीडीएस) म्हणून कापले असतील. ते २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणात, दिसतात का बघा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, तरी तुमचा व्यवहार जानेवारीतला, त्याला जुनाच कायदा.

मस्कतच्या भावाला वीस-की-साडेबारा हा पर्याय नाही, अनिवासींना साडेबारा टक्केच. त्यांच्या नावे टीडीएसही जास्त कापला गेला असेल, तो परत मागायला रिटर्न भरावंच लागेल. पण २००१ ची किंमत त्यांनाही धरता येते. तेव्हा मूल्यांकनाचा अहवाल हातात आला की त्याची एक प्रत त्यांना पाठवा, आणि खर्च तिघांत वाटून घ्या.