औषध ‘किफायतशीर नाही’ असे ठरवतात, तेव्हा नेमके काय मोजलेले असते?

आपला प्रश्न असा आहे की, एखादे औषध गुणकारी आहे हे सिद्ध झाल्यावरही ते ‘किफायतशीर नाही’ असा निर्वाळा अर्थतज्ज्ञ कशाच्या बळावर देतात, आणि आयुष्याची गुणवत्ता आकड्यात मांडणे मुळात शक्य तरी आहे का. मी आरोग्य-अर्थशास्त्राची संशोधक आहे आणि हे आकडे ज्या मुलाखतींतून निघतात, तशा मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत. त्यामुळे आधी मोजमापाविषयी लिहिते, निर्वाळ्याकडे नंतर वळते.

या शास्त्रातले मुख्य माप म्हणजे क्वाली, म्हणजेच गुणवत्तेच्या हिशेबाने मोजलेले आयुष्याचे वर्ष. पूर्ण आरोग्यात गेलेले एक वर्ष म्हणजे १ आणि मृत्यू म्हणजे ०. ज्याचे आरोग्य ०.६ इतके गणले जाते, त्याचे एक वर्ष ०.६ क्वाली भरते. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाचे अ‍ॅलन विल्यम्स यांनी १९८५ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा या मापाने केलेला अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. गंभीर आजाराच्या रुग्णांत बायपासवर होणारा खर्च सार्थकी लागतो, पण सौम्य त्रास असलेल्यांत तोच पैसा खुब्याचा सांधा बदलण्यासारख्या शस्त्रक्रियांवर खर्च केला तर अधिक लाभ होतो, असे त्यांनी दाखवले. एकच शस्त्रक्रिया एका रुग्णगटात किफायतशीर आणि दुसऱ्या गटात नाही, हा मुद्दा वर्तमानपत्री बातम्यांत हमखास गळून पडतो.

आता हा ०.६ येतो कोठून? सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली ईक्यू-५डी ही आहे. तिच्यात चालणे-फिरणे, स्वतःची आंघोळ व कपडे, रोजची कामे, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा नैराश्य अशा पाच बाबी विचारतात. नव्या आवृत्तीत प्रत्येक बाबीला ‘काही त्रास नाही’ पासून ‘अजिबात जमत नाही’ पर्यंत पाच पायऱ्या आहेत, म्हणून एकूण ३,१२५ आरोग्यस्थिती संभवतात. या स्थितींना गुण देण्याचे काम डॉक्टर किंवा अर्थतज्ज्ञ करत नाहीत. सर्वसामान्य लोकांना समोर बसवून विचारले जाते की, अमुक इतक्या त्रासात दहा वर्षे जगायचे, की धडधाकट राहून त्याहून कमी वर्षे? सात वर्षे धडधाकट आणि दहा वर्षे त्रासात हे दोन्ही सारखेच, असे कोणी म्हणाले, तर त्या स्थितीचा गुण ०.७ धरतात.

ऐकायला सोपे वाटणारा हा प्रश्न प्रत्यक्षात विचारणे अतिशय अवघड असते. शेतावर राबलेल्या एका वयस्क मावशींना मी अंथरुणाला खिळलेल्या स्थितीचे वर्णन वाचून दाखवले आणि वर्षे कमी करत गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, आयुष्य कमी-जास्त करणं आपल्या हातात असतं होय? जेवढं लिहिलंय तेवढं जगायचं.” नियमाप्रमाणे या उत्तराची नोंद अशी होते की, त्या एकही वर्ष सोडायला तयार नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी ती स्थिती पूर्ण आरोग्याइतकीच चांगली आहे. मुलाखत संपल्यावर चहा घेताना त्याच मावशी आपल्या सासूबाईंच्या अखेरच्या आजारपणाविषयी बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, “सुटली बिचारी.” मृत्यूहूनही वाईट अशी स्थिती असू शकते, हे त्यांनी मला दोन शब्दांत सांगितले होते, मात्र माझ्या तक्त्यात ते उतरवण्यासाठी जागा नव्हती. उत्तरांची छाननी किती कसोशीने करावी लागते आणि मुलाखतकाराचे प्रशिक्षण किती महत्त्वाचे असते, हे मला अशाच प्रसंगांतून कळले.

भारतीय अभ्यासांना बराच काळ परदेशी लोकांनी दिलेले गुण उसने घ्यावे लागत होते. चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने ३,५४८ भारतीयांच्या मुलाखती होऊन २०२२ मध्ये आपला स्वतःचा गुणसंच प्रसिद्ध झाला, ही माझ्या मते आपल्याकडील आरोग्य-संशोधनातील फार मोलाची घटना आहे. त्यात सर्वांत वाईट स्थितीला उणे ०.९२३, म्हणजे मृत्यूच्या शून्याहूनही खालचा गुण मिळाला आणि पाचही बाबींत वेदनेचे पारडे सर्वांत जड ठरले. वेदनाशमनाच्या सेवा हा ऐच्छिक खर्च मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यायला हवा.

हिशेब कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. गुडघे झिजलेल्या व्यक्तीचा गुण गोळ्या आणि व्यायामावर ०.५ राहतो, तर सांधा बदलल्यावर तो ०.८ होतो आणि पंधरा वर्षे टिकतो, असे समजू. लाभ ४.५ क्वालींचा दिसतो. परंतु पुढच्या काळातील लाभ आजच्या मोलात आणण्यासाठी भारतात वर्षाला ३ टक्के दराने वजावट करतात, त्यामुळे तो साधारण ३.६ उरतो. जादा खर्च १ लाख ८० हजार रुपये असेल, तर एका क्वालीला सुमारे ५० हजार रुपये पडले. आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत २०१७ पासून काम करणारी ‘हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट इन इंडिया’ ही यंत्रणा अशा आकड्याची तुलना सर्वसाधारणपणे देशाच्या दरडोई उत्पादनाशी करते, आणि ते आज दोन लाख रुपयांहून अधिक आहे. म्हणजे या गृहीतकांवर ही शस्त्रक्रिया सहज किफायतशीर ठरते.

आपल्या प्रश्नातली खरी वेदना दरडोई उत्पादनाच्या याच मर्यादेशी निगडित आहे, हे मी जाणते. दोन लाखांच्या आतले आयुष्य वाचवायचे आणि बाहेरचे सोडून द्यायचे, असा तिचा अर्थ लावला जातो. परंतु ही मर्यादा जिवाचे मोल सांगत नाही. सरकारी आरोग्यनिधीतला तोच पैसा इतरत्र किती आरोग्य देऊ शकला असता, याचा अंदाज तिने द्यावा अशी अपेक्षा असते. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेने कोणते उपचार द्यावेत हे ठरवणारी नाइस ही संस्था अनेक वर्षे एका क्वालीसाठी २० ते ३० हजार पौंडांची मर्यादा वापरत आली. यॉर्कच्याच कार्ल क्लॅक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की, तेथील सरकारी आरोग्यसेवा आपल्या नेहमीच्या खर्चातून सरासरी १२,९३६ पौंडांत एक क्वाली मिळवून देत होती. याचा अर्थ असा की, ३० हजार पौंड देऊन नव्या औषधातून एक क्वाली घेतली, तर त्याच तिजोरीवर अवलंबून असलेल्या इतर रुग्णांच्या दोनाहून अधिक क्वाली हिरावल्या जातात. नवे औषध ज्याला मिळते, त्याचे छायाचित्र छापून येते. ज्याची तपासणी लांबली, ज्याच्या वॉर्डात एक परिचारिका कमी पडली, तो मात्र आपण कोणत्या निर्णयाची किंमत मोजली हे कधीच जाणू शकत नाही. माझी सहानुभूती दोघांनाही आहे, आणि या दुसऱ्या माणसाची बाजू मांडणारे दुसरे कोणतेही शास्त्र मला ठाऊक नाही. भारताच्या बाबतीत मात्र दरडोई उत्पादनाएवढी मर्यादा फार सैल असण्याची शक्यता आहे, असे मला वाटते. कारण देशाचे उत्पन्न किती आहे यावरून सरकार आरोग्यासाठी किती पैसा बाजूला काढते हे ठरत नाही.

मापाचा आंधळा वापर किती घातक ठरतो, याचे उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात घडले. गरिबांच्या सरकारी योजनेसाठी १९९० मध्ये तेथे उपचारांची क्रमवारी लावली गेली आणि त्या पहिल्या यादीत दातावर टोपी बसवण्याला गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेच्या शस्त्रक्रियेच्या किंचित वरचे स्थान मिळाले. दाताचा उपचार इतका स्वस्त होता की, छोटासा लाभही भागाकारात मोठा दिसला. दुसरीकडे एका बाईचा जीव जात होता. ती यादी मागे घ्यावी लागली. सुधारित योजनाही अपंगांवर अन्याय होतो या कारणास्तव १९९२ मध्ये केंद्र सरकारने नाकारली आणि बदल केल्यावर पुढच्या वर्षी मान्य झाली.

अपंगांचा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. ज्याचा गुण आधीच ०.६ धरला आहे, त्याचा जीव वाचवला तरी वर्षाला ०.६ क्वालीच पदरात पडते, आणि हा गुण बहुधा अशा लोकांनी दिलेला असतो, ज्यांनी ते जगणे कधी अनुभवलेले नसते. म्हणून केवळ बेरीज पुरेशी नसते. गंभीर आजारांत मिळणाऱ्या लाभाला नाइसने २०२२ पासून १.२ किंवा १.७ पट वजन देण्याची सोय केली आहे, तिचा रोख न्यायाकडेच आहे.

याच्या नेमकी उलट अडचण आपल्याकडे अधिक जाणवते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये लक्ष वेधले होते की, आयुर्मानात सर्वांत पुढे असलेल्या केरळमधील लोक आजाराची तक्रार अधिक करतात आणि बिहारमधील लोक कमी. ज्याने दवाखाना जवळून पाहिलेला नाही, तो दुखणे हे जगण्याचाच भाग मानतो. कंबर धरून पाणी भरणारी बाई ‘रोजची कामे’ या प्रश्नाला ‘काही त्रास नाही’ असे उत्तर देते, कारण काम तर होतेच आहे. तिचा गुण वर राहतो आणि उपचाराने होणारा लाभ कागदावर लहान दिसतो. तिची शुश्रूषा करणाऱ्या सुनेची बुडालेली मजुरी बहुतेक हिशेबांत धरलेलीच नसते.

राहिला निर्वाळ्याचा प्रश्न. ‘किफायतशीर नाही’ या निष्कर्षात ‘या किमतीला’ हे शब्द अध्याहृत असतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची सरकारने ठरवलेली कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. शस्त्रक्रिया तीच, लाभ तोच, पण भागाकारातला वरचा आकडा उतरला. म्हणून असा निर्वाळा आपल्या वाचनात आला, तर तो कोणत्या किमतीवर बेतला आहे, तुलना कोणत्या उपचाराशी केली आहे आणि गुण कोणत्या देशातील लोकांनी दिलेले आहेत, एवढे त्या अहवालात अवश्य शोधावे. आणि किती किमतीला तेच औषध किफायतशीर ठरेल, हे त्यात दिलेले नसेल, तर तो अहवाल अपुरा समजावा.