मध्य प्रदेशातून जुना ट्रॅक्टर आणताय? आधी कागद, मग इंजिन

भाऊ, पांढुर्णा-छिंदवाड्याकडचा भाव ऐकून लगेच बयाणा देऊ नका. पहिला ट्रॅक्टर नीट मिळू शकतो, फक्त क्रम सांभाळा.

आधी आरसी बुक मागा. त्यावरचे चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचून जुळवा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर सौदा तिथेच सोडा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवल्याचा कागद, हवा. त्यांच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. त्याशिवाय आपल्याकडे एमएच नंबर मिळत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही तिथेच घ्या. मागाहून माणूस सापडणं कठीण.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. मग:

- डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय.
- निळा धूर सुटत राहिला तर ऑइल जळतंय, इंजिनकाम आलंच.
- कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद करा. तो लगेच खाली बसला तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे.
- पुढची चाकं हलवून ढिलाई बघा.

नव्या रंगाला भुलू नका, गळती त्याखालीच झाकतात. मागचे दोन टायर गुळगुळीत असतील तर त्यांची किंमत सौद्यातून कापा.

विमा चालू नसेल तर ट्रॅक्टर रस्त्यावर काढूच नका. पंप, गिअरबॉक्सचं पुढे बघू.