एमजी टीसी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार (१९४५–४९) हँडल मारून खरंच सुरू होते का? मूळ टूलकिटमध्ये काय काय असायचं?

होते, पण बॅटरीत थोडा तरी जीव हवा. इथे मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी पाडणारं यंत्र) नाही, इग्निशन बॅटरीवर चालणाऱ्या कॉइलचं आहे. बॅटरी पार मेली असेल तर कितीही हँडल मारा, ठिणगी पडणार नाही.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक घट्ट. चोक ओढा आणि चावी बंद ठेवूनच दोन-तीन फेरे फिरवा, म्हणजे पेट्रोल आत खेचलं जातं. मग चावी चालू करून हँडल खालून वर एका झटक्यात ओढायचं. वरून खाली दाबू नका. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा; इंजिनाने उलटा झटका दिला तर आडवा अंगठा मोडतो, मनगटही जातं.

टूलकिटमध्ये हँडल, जॅक, हवा भरायचा पंप, ग्रीस गन, पाने आणि चाकाचे कानवाले नट ठोकायला हातोडा. पान्यांची गंमत अशी की इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची! त्यामुळे मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही, घसरून कोपरे झिजवतो. संपूर्ण मूळ संच महाग पडतो. नुसती चालवायची असेल तर जुन्या बाजारातले व्हिटवर्थ पाने पुरे.