त्यांना घर हवे आहे, मार नको आहे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मुलाच्या हातचा मार खाऊनही घर सोडायचे नाही, असे त्या वृद्ध गृहस्थांनी स्पष्ट सांगितल्यामुळे आता प्रकरण बंद करावे की त्यांना कसेही करून बाहेर काढावे, असा तुझा प्रश्न आहे. माझ्या मते यांतले काहीच करू नये. त्यांनी घर सोडायला नकार दिला आहे, मदतीला नव्हे.

त्यांना परिस्थितीचे आकलन आहे का, परिणाम तोलून निर्णय घेता येतो का, हे आधी पाहा. निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून माणसाला निर्णयक्षमता नाही असे मानू नये, हे इंग्लंड व वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यातले तत्त्व मला सर्वत्र पाळण्याजोगे वाटते. मात्र बुद्धी शाबूत असलेला माणूसही धाकापोटी ‘माझी काही तक्रार नाही’ असे म्हणतो. म्हणून मुलगा शेजारच्या खोलीत असताना मिळालेले उत्तर मी उत्तर धरत नाही. वैद्यकीय तपासणीच्या निमित्ताने त्यांना एकटे भेट, आणि दुभाषा लागलाच तर तो घरातला नको.

‘तुम्ही अजून इथे का राहता?’ असे विचारू नकोस, कारण त्यात दोष त्यांच्याच माथी जातो. मार कधी पडतो, त्याआधी घरात काय घडते, तेव्हा ते कुठे जातात, हे विचार. कोणत्या दाराने बाहेर पडायचे, औषधे, कागदपत्रे आणि थोडे पैसे कुठे ठेवायचे, कोणता शब्द ऐकताच शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलवायचे, हे त्या उत्तरांतूनच ठरते. मदतीची माहिती देणारी छापील पत्रके त्यांच्या हाती देऊ नकोस, फोनवर संदेशही नको; ते मुलाच्या नजरेस पडू शकतात. मुलाला जाब विचारण्याचा मोह तर कटाक्षाने टाळ. तू निघून आल्यावर त्याची किंमत वडिलांनाच मोजावी लागते. मुलगा व्यसनी असेल, तर त्याच्या उपचारांचा विषय काढून पाहा. स्वतःसाठी काहीही न मागणारे आईवडील पुष्कळदा मुलासाठी मदत स्वीकारतात, आणि त्या वाटेने आपल्याला घरात येजा करता येते.

गळा आवळला गेला असेल, तर वर खूण दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे. आतली इजा उशिरानेही जिवावर बेतू शकते. जिवाला तातडीचा धोका, घरात लहान मूल किंवा निर्णयक्षमतेचा अभाव आढळल्यास गुप्तता पाळता येणार नाही, हे मात्र त्यांना पहिल्याच भेटीत सांगून ठेव, म्हणजे पुढे विश्वासघात झाला असे त्यांना वाटणार नाही. प्रत्येक भेटीची तारखेनिशी आणि त्यांच्याच शब्दांत नोंद ठेव, नकाराचीही. तुझी बदली झाली तर नव्या माणसापुढे त्यांना सारे पहिल्यापासून सांगावे लागू नये.

पुढच्या भेटीनंतर सविस्तर लिही.

तुझा हितचिंतक