पालिकेने बायोचारच्या प्रकल्पात पैसे घालावेत का?

तुमची पालिका बायोचारची, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा बनवण्याची, भट्टी उभारणार आहे आणि कार्बन क्रेडिट (हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी केल्याची विकता येणारी प्रमाणपत्रं) विकून खर्च निघेल असं सांगते. यावर विश्वास ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: भट्टी जरूर उभारावी, पण क्रेडिटच्या भरवशावर नाही.

मी बरीच वर्षं रस्त्याकडेची झाडं लावण्याचं आणि जगवण्याचं काम करतो. छाटलेली फांदी कुजली किंवा जाळली की तिच्यातला बहुतेक कार्बन पुन्हा हवेत जातो. तीच फांदी हवा जवळजवळ बंद ठेवून ५००-६०० अंशांना तापवली, तर तिच्यातला निम्म्याच्या आसपास कार्बन कोळशात अडकतो. तो फार सावकाश कुजतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत माणसांनी मिसळलेला कोळसा शेकडो वर्षांनी आजही सापडतो.

पालिकेची जमेची बाजू अशी की फांद्या उचलण्याचा खर्च ती आधीच करते आणि झाडांच्या खड्ड्यांसाठी मातीही विकत घेते. म्हणजे कच्चा माल तिचा आणि गिऱ्हाईकही तीच. स्टॉकहोमने हेच ओळखलं. २०१४ मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकी दानसंस्थेच्या महापौरांसाठीच्या स्पर्धेत त्यांना १० लाख युरो मिळाले आणि २०१७ मध्ये भट्टी सुरू झाली. नागरिकांच्या बागांतला कचरा भट्टीत जातो, उष्णता घरं गरम करणाऱ्या जाळ्यात जाते आणि बायोचार खडी व कंपोस्टसोबत झाडांच्या खड्ड्यात. पुढे हेलसिंकी, मिनियापोलिस, लिंकन अशा शहरांनीही ही वाट धरली.

आता क्रेडिटचं. लाकडाच्या चांगल्या बायोचारमध्ये ८० टक्के कार्बन धरला, तर १ टन बायोचारमध्ये अडकलेला कार्बन सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. पण त्यातून कालांतराने कुजणारा भाग, यंत्राचं इंधन आणि वाहतूक वजा करावी लागते, शिवाय प्रयोगशाळेची तपासणी आणि प्रमाणपत्र यांचाही खर्च येतो. उरेल ते वरकड उत्पन्न समजावं.

मला खरी भीती मोठ्या भट्टीची वाटते. क्षमता जास्त ठेवली की भट्टी भरण्यासाठी माल शोधावा लागतो. मग रंग लावलेलं लाकूड आत जातं आणि जड धातू मातीत उतरतात. नाहीतर उभ्या झाडांवर नजर जाते, आणि ते मला अजिबात सहन होणार नाही. ओल्या फांद्यांचंही तसंच, वाळवण्यातच बरीच उष्णता खर्च होते.

अजून एक, ताजा बायोचार थेट खड्ड्यात टाकू देऊ नका. तो सुरुवातीला मातीतलं नत्र धरून ठेवतो आणि रोपं पिवळी पडतात. आधी काही आठवडे कंपोस्टमध्ये मुरवावा लागतो. तेव्हा पालिकेच्या आराखड्यात तीन गोष्टी पाहा: वर्षभरात किती टन फांद्या सध्या गोळा होतात, बायोचार मुरवायला जागा कुठे आहे आणि तो कोणत्या खड्ड्यांत जाणार आहे.