भाकरी, हिंग आणि गिरणी

तुमच्या मुलीला टाइप 1 मधुमेहाच्या जोडीला सीलिॲक (गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) निघाल्याचे वाचले. माझा मुलगाही याच वाटेने गेला आहे, म्हणून लिहिते. तिच्या सर्व तपासण्या पूर्ण झाल्या नसतील, तर तोपर्यंत गहू बंद करू नका. गहू आधीच सुटला तर अहवाल फसवे येतात.

गहू सुटला की हात साबुदाणा, पोहे आणि तांदळाच्या पिठाकडे जातो, आणि नेमकी तिथेच साखर झपाट्याने चढते. त्यापेक्षा ज्वारी-बाजरीची भाकरी, दाट उसळ आणि पालेभाजी असे ताट ठेवा. एका भाकरीचे पीठ काट्यावर तोलून घेतले, तर कर्बोदकांचा आणि इन्सुलिनचा हिशेब बसतो.

खरी फसगत लपलेल्या गव्हाची असते. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, आणि सातू (जव) पौष्टिक असला तरी तोही वर्ज्य. आम्ही सगळे पाळूनही मुलाच्या रक्तातील प्रतिपिंडे (सीलिॲकच्या रक्ततपासणीत मोजतात ती) उतरत नव्हती. शेवटी लक्षात आले की गिरणीत आमच्या ज्वारीआधी कोणाचा तरी गहू दळला जात होता. घरगुती चक्की घेतल्यावर फरक पडला.

आतडे भरून येऊ लागले की अन्न अधिक शोषले जाते आणि इन्सुलिनची गरज बदलते, म्हणून पहिले काही महिने साखर वारंवार तपासा, मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदला आणि साखर एकदम उतरली तर हाताशी असावी म्हणून दप्तरात ग्लुकोज पावडर ठेवा.