लोकांचे ‘स्थलांतर’ की लोकांना ‘हलवणे’?

प्रश्न असा आला आहे: चक्रीवादळाच्या बातम्यांत ‘किनाऱ्यावरील लाखो लोकांचे स्थलांतर’ असं छापून येतं. चार दिवसांत घरी परतणाऱ्यांसाठी हा शब्द योग्य आहे का?

आधी ‘तात्पुरते’ जोडलं तर चालतो. पण मला ‘सुरक्षित स्थळी हलवले’ जास्त पटतं. स्थलांतर म्हटलं की ऊसतोडीला निघालेली कुटुंबं आठवतात. जाणारा आपलं आपण निघतो. ‘हलवणे’ हे प्रयोजक क्रियापद. हलणारा वेगळा, हलवणारा वेगळा. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही.

ऑगस्ट २००५. कतरिना वादळ यायच्या आदल्या दिवशी, २८ तारखेला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सच्या महापौरांनी शहर सोडण्याचा सक्तीचा आदेश काढला. गाड्या होत्या ते गेले. गाडी नसलेले, आजारी, म्हातारे मागे राहिले; कित्येकजण तर कुत्र्या-मांजरांना टाकून जायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी पूरबांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. आदेश सगळ्यांना होता, पण वादळाआधी या लोकांना शहराबाहेर हलवलं कुणीच नाही.

पुढे नियोजन बदललं ते इथेच. २००६ साली अमेरिकेत कायदा झाला, की आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचीही सोय हवी. २००८ च्या गुस्ताव वादळाआधी याच शहराने गाडी नसलेल्या हजारोंना बस-रेल्वेने बाहेर नेलं. आता तिथे १७ ठिकाणी, हात वर करून वाहन थांबवणाऱ्या माणसाचे उंच स्टीलचे पुतळे उभे आहेत. आदेश निघाला की तिथे जायचं, पुढे नेण्याची जबाबदारी शहराची.

आपल्याकडे ओडिशा हा धडा आधीच शिकला होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी जवळपास दहा लाख लोकांना प्रशासनाने हलवलं आणि मृत्यू काही दहांवर थांबले. तिथे ‘स्थलांतर झाले’ लिहिलं तर हे सगळे कष्ट वाक्यातून गळून जातात.

मात्र कतरिनानंतर ह्यूस्टन शहरातल्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये नेलेल्यांपैकी अनेकजण परतलेच नाहीत, ह्यूस्टनमध्येच राहिले. त्यांचं खरोखर स्थलांतर झालं; आणि घर उरलंच नाही म्हणून राहिलेल्यांना तर मी ‘विस्थापित’ म्हणेन.